सावलीत वाळलेलं

बाटलीत रंग नारिंगी,
काचेवर उतरला की जांभळा.
मी काही मिसळलेलं नसतं मधे.
द्रावणात गुंतवळासारख्या तरंगणाऱ्या साखळ्या
क्लोरोबेंझिन उडून जाऊ लागलं
की अंग सरळ करतात,
एकमेकींच्या पाठीला पाठ लावून बसतात.
जांभळं म्हणजे तेवढंच.
त्या बसल्यात, याची खूण.

हे मी अण्णांना सांगितलं सुभाषनगरात, दुकानाच्या पायरीवर.
ते कापशीची वेणी घालत होते,
आठ पदरी, दातात एक वादी धरून.
वादी काढून म्हणाले,
‘आनि ही इनतंय कोन?’
कोणीच नाही.
‘आपोआप?’
आपोआप.
‘मग रेवू, तुला पगार कशाचा देत्यात?’

त्याचं उत्तर अजून शोधतेय.

विद्यापीठाच्या मागच्या अंगाला मोर ओरडतात,
आत चकती फिरते, मिनिटाला हजार फेरे,
वर माझा काचेचा चौकोन, पोस्टाच्या तिकिटाएवढा.
त्यावर ऊन पडलं की आत एक जोडी जन्मते:
एक ऋण कण आणि त्याची मागे राहिलेली रिकामी जागा.
दहा नॅनोमीटर चालतात दोघं मिळून,
तेवढ्यात बांध लागला पाहिजे,
दुसऱ्या द्रव्याचा.
लागला तर वेगळे होतात आणि वीज होते.
नाही लागला तर एकमेकांतच विझतात,
कुणाला कळतही नाही उजेड आला होता.
म्हणून दोन्ही द्रव्यं फार मिसळून चालत नाहीत,
फार दुरावूनही.
किती, ते मी लिहून देऊ शकत नाही.
मी फक्त त्यांना वेळ देते, किंवा देत नाही.

गुरुवारी लाइट गेली.
तवा दीडशे अंशांवर यायचा होता, आलाच नाही.
फिल्म ओली.
मी वर काचेचं झाकण पालथं घातलं,
दुसरं काय करणार,
आणि गाडी काढून घरी आले.
दारातून ‘आलो गं’ म्हटलं.
(इतका इंग्रजीतला प्रबंध लिहूनही
घरी माझी क्रियापदं कोल्हापूरचीच.)

सकाळी झाकणाखाली रात्रभर
स्वतःच्याच वाफेत बसलेली फिल्म
जांभळ्याच्याही पुढे गेली होती.
दोन पूर्णांक एकवरून तीन पूर्णांक चार.
शंभरातले तीन, आणि वर थोडं.
उरलेलं ऊन नुसतं काच तापवून जातं.
तरी मी तो आकडा तीनदा मोजला.

घोरपडे मॅडम म्हणाल्या, पुन्हा करून दाखव.
सहा केल्या. चार आल्या.
दोन का रुसल्या, माहीत नाही.

अण्णांना मात्र नवल वाटलं नाही.
‘वलं चामडं उनात टाकायचंच न्हाई.
वरनं वाळतंय, आतनं आकसतंय,
मग जलमभर पायाला चावतंय.
सावलीत ठेव. त्येचं त्येला बसू दे.’
चाळीस वर्षं हे वाक्य माझ्या घरात होतं
आणि मी ते जपानी माणसांच्या शोधनिबंधात
तळटीपांसकट वाचत होते.

उन्हासाठीच बनवायची वस्तू,
तिला आधी सावली लागते.
हे वहीत लिहिलं नाही.
वहीत लिहिलं: बाष्पाच्या सान्निध्यात, अकरा तास.

रविवारी एक नमुना घरी नेला,
हुपरीच्या तारेतली चांदी बाष्प करून मागे चढवलेला.
अण्णांनी तो रापी धरतात तसा
दोन बोटांत धरून खिडकीकडे केला.
नख लावू नका, मी म्हणाले.
त्यांची नखं बाभळीच्या सालीनं कायमची तांबडी.
बराच वेळ बघितलं, मग कानाशी नेला.

तळाच्या दोन थरांमधे ते विंचवाच्या बिया घालतात,
चालताना करकर वाजावी म्हणून.
गिऱ्हाईक त्याचेच पैसे जास्त देतं.

‘वाजत न्हाई,’ म्हणाले.

मी मीटरच्या दोन पिना लावल्या.
खिडकीतलं ऊन निम्मं शेजारच्या जिन्यानं अडवलेलं.
आकडा हलला, थांबला, पुन्हा हलला.
अण्णांनी हात आडवा धरला: शून्याकडे.
काढला: वर.
धरला. काढला.

मग वेणीचा अर्धा राहिलेला पदर उचलला.
‘ऱ्हाऊ दे थितंच,’ म्हणाले,
‘खिडकीत.’